आंबोली, चंदगड, पारगड: ग्रॅव्हल सायकलवर तीन दिवस, शक्यतो डांबर टाळून. जमेल का?

चाळीस_एमएम, पुणे
१४ नोव्हेंबर, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय.

मार्चमध्ये ग्रॅव्हल बाईक घेतली, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालणारी जरा जाड टायरची सायकल. आधीची रोडबाईक विकून टाकतो असं घरी कबूल केलं होतं. ती अजून गॅलरीतच उभी आहे, त्यामुळे आमच्याकडे सायकल हा विषय जरा जपूनच काढावा लागतो. पानशेत, मुळशी, वेल्हे ही सगळी बाजू पालथी घालून झाली. कच्चा रस्ता सापडला की दोन किलोमीटरवर लोखंडी गेट, त्यावर खाजगी मालमत्तेची पाटी, आत कुत्रं. फिरा माघारी.

मला घाट चढायची हौस नाही. दोन तास चढ आणि मग वीस मिनिटं उतार, हे रोडबाईकवर पुष्कळ करून झालं. झाडी हवी, ओढा ओलांडला की टेकाड, टेकाड उतरलं की वाडी, असं काहीतरी हवंय. नकाशा चाळताना आंबोलीच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, म्हणजे चंदगड, पारगड, आजरा या बाजूला नेमकं तसं दिसतंय. हिरव्यात बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस मोकळे आहेत.

पण रेघांवर भरवसा किती ठेवायचा? गेल्या महिन्यात वेल्ह्याजवळ कुणीतरी टाकलेली रूट फाईल घेऊन गेलो. फाईलमधली रेघ सरळ एका गोठ्यात शिरली. मी म्हशीकडे बघतोय, म्हैस माझ्याकडे. आतून आजी म्हणाल्या, "या आठवड्यातले तुम्ही तिसरे."

माझं वजन ७८ किलो, सायकल सामानासकट पंधराएक किलो. टायर ४० मिमी, ट्यूबलेस. पुढे ४० दाती एकच चकती, मागच्या चकत्या ११ ते ४२ दाती. एवढ्यावर भागेल का? गव्यांचं आणि हत्तींचं काय? रात्री कुठे टेकायचं? जे माहीत असेल ते सांगा.


ठाणे_हार्डटेल
१५ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

एका ओळीत उत्तर: ग्रॅव्हल बाईक घरी ठेवा, हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाईक) न्या. आपल्याकडे परदेशातल्यासारखा चाळलेली वाळू अंथरल्यागत ग्रॅव्हल नसतो. दगड असतात. मी दोन वर्षांपूर्वी आंबोली ते चौकुळ ३८ मिमीवर गेलो होतो, दुसऱ्या दिवशी मनगटं इतकी दुखत होती की चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होतो.


पाणंदवाला, गडहिंग्लज
१५ नोव्हेंबर, दुपारी २.४०

मी इकडचाच, म्हणून जरा लांबड लावतो. एका दूध संघात अकरा वर्षं सुपरवायझर होतो. चंदगड आणि आजरा तालुक्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांना भेटी द्यायच्या, दप्तर बघायचं, फॅट मशीन तपासायचं. तेव्हा मोटरसायकलवर फिरलो. आता रिटायर झालोय, त्याच रस्त्यांवर सायकलवर फिरतो. बायको म्हणते, पगार बंद झाला तरी ड्युटी सुटली नाही.

तुम्ही ग्रॅव्हल म्हणताय, आमच्याकडे त्याला पाणंद म्हणतात. दोन शेतांच्या मधली, दोन्हीकडे बांध किंवा निवडुंगाचं कुंपण असलेली, वर्षानुवर्षं बैलगाड्या जाऊन शेतापेक्षा हातभर खाली गेलेली वाट. पावसाळ्यात तिचा ओढा होतो, आजूबाजूच्या शेतांचं सगळं पाणी तिच्यातूनच जातं. म्हणून दिवाळीनंतर पाणंदीत गेलात तर माती धुऊन गेलेली असते आणि खालचा मुरूम उघडा पडलेला असतो. कडक, दाबून बसलेला, चाकाखाली मऊ करकर आवाज करणारा. नोव्हेंबर-डिसेंबरात याच्यासारखा रस्ता नाही. मार्चनंतर तोच लाल भुकटीचा होतो, वळणावर पुढचं चाक कधी निसटलं ते कळत नाही.

आता रेघांचं. उपग्रहाच्या चित्रात सगळ्या पाणंदी सारख्याच दिसतात. त्या ओळखायची माझी एक रीत आहे, ती नोकरीतून आली. संस्थेचं दूध रोज सकाळ-संध्याकाळ टेम्पोनं उचललं जातं. टेम्पोचा ड्रायव्हर कॅन सांडणारा, पाटा तुटणारा रस्ता धरत नाही, दोन किलोमीटर वळसा घालून जाईल. तेव्हा ज्या रस्त्यानं दुधाची गाडी जाते तिथं तुमचे ४० मिमी झकास चालतात. जिथं फक्त ट्रॅक्टर जातो तिथं मधे गवताचा पट्टा आणि दोन बाजूंना खोल चाकोऱ्या असतात. एका चाकोरीत चाक घातलं की शेवटपर्यंत तीच, मधेच बदलायला गेलात तर आडवे व्हाल. आणि जिथं फक्त गुरं जातात ती वाट नकाशात कितीही रुंद दिसू दे, तिथं उतरून ढकलायचं. तुमची ती गोठ्यातली रेघ तिसऱ्या जातीची होती.

म्हणून गावात शिरलात की "पुढं रस्ता आहे का" असं विचारूच नका. रस्ता असतोच, असं उत्तर येणार, कारण त्यांना चालत जायचं असतं. "दुधाची गाडी कुठनं येते" असं विचारा. बरोबर बोट दाखवतील.

एक सावधगिरी. २०२१ पासून शेतरस्त्यांच्या मातोश्री योजनेतून राज्यभर पाणंदींची कामं निघालीत. शेतकऱ्याच्या दृष्टीनं सोनं आहे, ऊस वेळेवर बाहेर पडतो. पण काम चालू असतं तेव्हा आधी खडी पसरतात, मग मुरूम टाकतात, मग रोलर. नुसती खडी पसरलेला टप्पा लागला तर ग्रॅव्हल बाईक, हार्डटेल, रणगाडा, सगळ्यांना सारखंच. मुठीएवढे मोकळे दगड, चाक कुठंही जातं.

ठाणेकर, तुमची मनगटं दुखली ती दगडानं का हवेनं? तेव्हा हवा किती होती?


ठाणे_हार्डटेल
१५ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

६० पीएसआय. ट्यूब फुटेल म्हणून.


पाणंदवाला, गडहिंग्लज
१५ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

मग काय, चहाचा कप तोंडानं धरायची पाळी आली नाही हेच नशीब. ४० मिमी ट्यूबलेसला, ७८ किलो माणूस आणि सामान धरून, पुढं ३२ मागं ३६ पुरे. रिमला दगड लागल्याचा आवाज आला तर दोन वाढवा.


कॅम्पातली_सायकल, बेळगाव
१५ नोव्हेंबर, रात्री ९.५०

पाणंदवाले काका इथे आहेत म्हणजे रस्त्याची काळजी मिटली. मी बाकीचं सांगते.

पुण्याहून येताय तर कोल्हापूरला उतरू नका, तिथून सगळं हायवेचं दळण. रेल्वेनं थेट बेळगावला या. सायकल पिशवीत घालून बर्थखाली सरकवता आली तर बरं, नाहीतर पार्सलमध्ये टाका. बेळगावातून पश्चिमेला वेंगुर्ल्याचा रस्ता धरा. शिनोळीला कर्नाटक संपतं आणि चंदगड तालुका सुरू होतो. पाटणे फाट्यापर्यंत वाहनं असतात. सकाळी साडेसहाला निघालात तर कारखान्यांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत पार होतं. तिथपर्यंत डांबर सोसा.

संकेश्वर-बांदा महामार्गावर, म्हणजे गडहिंग्लज-आजरा-आंबोली, शक्यतो चढूच नका. त्याचं रुंदीकरण झाल्यापासून गोव्याला निघालेल्या गाड्या काय वेगानं येतात ते बघवत नाही.

दुसरं, थोडं गंभीर. माकडताप. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली पहिल्यांदा आढळला, मग बांद्याच्या बाजूलाही पसरला. काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना जास्त झाला. रानातल्या गोचिडीतून होतो आणि माकडं मरायला लागली की गावाला कळतं. त्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून पाऊस पडेपर्यंत, म्हणजे तुमचा डिसेंबर त्याच्या सुरुवातीलाच येतो. म्हणून पालापाचोळ्यावर बूड टेकून डबा खायचा नाही, मोजे उंच घालायचे, संध्याकाळी अंघोळ करताना गुडघ्याच्या मागे आणि कमरेला नीट बघायचं. घरी आल्यावर दहाबारा दिवसांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना कुठे फिरून आलात ते आधी सांगायचं. पुण्यातल्या डॉक्टरांच्या डोक्यात डेंग्यूच येणार.

आणि आंबोलीत हिरण्यकेशीला गेलात तर कुंडात पाय धुवायला उतरू नका. तिथे एक लहानसा मासा आहे, लोक त्याला देवाचा मासा म्हणतात. तो विज्ञानाला नवीन निघाला, आणि त्याच्यामुळे २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. सायकलवरची ग्रीस लागलेली पोटरी तिथे बुडवू नये एवढंच.


चाळीस_एमएम, पुणे
१६ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

ताई, काका, दोघांचे आभार. काका, पाटणे फाट्यापासून पुढे कसं जाऊ? तिलारी घाट उतरून दोडामार्गला जावं आणि आंबोली घाटाने वर यावं असं एक डोक्यात होतं.


पाणंदवाला, गडहिंग्लज
१६ नोव्हेंबर, दुपारी १.२५

तिलारी घाट डोक्यातून काढा. त्याचा उतार रोडबाईकवाल्यांनासुद्धा घाम फोडतो. सामान लादलेल्या सायकलवर ब्रेकच्या चकत्या तापून करपल्याचा वास येतो, मी घेतलाय. वर तुम्ही म्हणालात घाटाची हौस नाही. मग माथ्यावरच राहा की.

माथ्यावर राहायचं तर हे ध्यानात घ्या. आंबोली ६९० मीटरवर आहे आणि आमचं गडहिंग्लज त्यापेक्षा फार खाली नाही. मधे कुठं मोठा डोंगर आडवा येत नाही. पश्चिमेला कडा तुटलेला, तिथलं पाणी सरळ कोकणात उडी मारतं. पूर्वेकडच्या पाण्याला मात्र घाई नाही. हिरण्यकेशी आंबोलीला निघते, आजरा, गडहिंग्लज करत जाते आणि घटप्रभेला मिळते. चंदगडची ताम्रपर्णी पण शेवटी घटप्रभेतच. ही सगळी पाणी रमतगमत जाणारी, त्यांनी शेकडो उथळ खोरी केलीत. तुम्ही उत्तर-दक्षिण जाणार, म्हणजे प्रत्येक खोरं आडवं कापणार. तीस मीटर उतार, मोरी, तीस मीटर चढ, पुन्हा तेच. एकही चढ सांगण्यासारखा नाही, पण ते संपत नाहीत. संध्याकाळी मीटर बघाल तर पंचावन्न किलोमीटरला हजाराच्या वर चढ झालेला असतो आणि कुठं झाला ते आठवत नाही. ४० दाती चकती आणि मागं ४२ म्हणजे एकास एकच्या जरा खाली. माझ्या गुडघ्यांना ते झेपत नाही, मी पुढं ३६ लावलीय. तुम्हाला जमेल बहुतेक. नाही जमलं तर उतरा, बघायला म्हशीच आहेत.

पहिला दिवस: पाटणे फाट्याहून कलिवड्याकडं वळा. वर कलानिधीगड आहे, त्यावर मनोरा असल्यामुळं कच्चा गाडीरस्ता वरपर्यंत जातो. दुपारच्या आत असाल तर सामान गावात ठेवून चढा, नसाल तर सोडून द्या. मग चंदगड, हेरे, मोटणवाडी. हेऱ्यापर्यंत ऊस आणि रताळी, त्याच्या पुढं झाडी सुरू. मोटणवाडीहून पारगडाकडं वळलात की रस्ता जंगलातच शिरतो आणि उजेड एकदम हिरवा होतो.

पारगडावर मुक्काम करा. गड शिवाजी महाराजांचा, तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा इथले पहिले किल्लेदार, आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही वर राहतात. हा बघून उतरायचा गड नव्हे, लोक नांदतात वर. आधी निरोप धाडला तर एखाद्या घरी जेवायची सोय होते. नाचणीची भाकरी आणि जे असेल ते. पैसे देताना लाजू नका, ते घेताना लाजतील.

दुसरा दिवस हा सगळ्या फेरीचा जीव आहे. पारगड, इसापूर, चौकुळ, आंबोली. माझ्या आयुष्यातली सर्वात वाईट दुपार आणि सर्वात चांगली दुपार याच रस्त्यावर गेली, आणि ती एकच दुपार होती.

इसापूरच्या पुढं जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं सपाट कातळ, लागतो. जांभा पहिल्यांदा बघणाऱ्यासाठी सांगतो. भाजून फसलेल्या विटेसारखा दगड, सगळा भोकाभोकांचा, आणि भोकांच्या कडा कोयत्यासारख्या. कोरडा असला तर टायर असा धरतो की खड्या चढावर उभं राहून पायडल मारलं तरी मागचं चाक घसरत नाही. पाऊस संपल्यावर महिनाभर त्यावर शेवाळ असतं, तेव्हा साबण. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ते वाळायला वेळ लागणारच. तुम्ही जाल तेव्हा कोरडा असेल.

तर मी तीन वर्षांपूर्वी तिथं उतारावर जोरात होतो. एका कडेला मागच्या टायरची बाजू घासली. फस्स. सीलंटचा, म्हणजे ट्यूबलेसमधल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाचा, पांढरा फवारा माझ्या पोटरीवर. खाली बसून बघतो तर बाजूच्या भिंतीला दोन बोटं चीर, आतली ट्यूब टाकली तर फुग्यासारखी बाहेर येईल. ट्यूबलेसचे ते प्लग असल्या चिरेला काही कामाचे नाहीत. फोनला रेंज नाही. चौकुळ आठनऊ किलोमीटर.

ढकलत निघालो. अर्ध्या तासानं एक घर लागलं. अंगणात एक बाई पोती शिवत बसली होती, काजूची. मी पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं, सायकलकडं बघितलं, आणि हातातलं दाभण पुढं केलं. म्हणाली, "पोतं फाटलं तर टाकून देतो काय आम्ही?"

मला काही सुचलं नसतं. तिनं आधी चिरेच्या दोन्ही टोकांना एकेक टाका घातला, कारण म्हणे मधनं सुरुवात केली की टोकं फाटत जातात. मग तिरके सात टाके, मेणवलेल्या सुतळीचे. तंगूसाचा दोरा होता तिच्याकडं, पण तो रबर कापतो म्हणाली. आतून मी दुधाच्या पिशवीची चौपदरी घडी लावली, ती पिशवी माझ्याच सामानात होती, जुनी सवय. वर ट्यूब. वीस पीएसआय भरली आणि त्याच्यावर गेलो नाही. त्या टायरवर चौकुळ गाठलं, आंबोली गाठलं, दुसऱ्या दिवशी आजऱ्यापर्यंत आलो. दर फेऱ्याला टाके जमिनीला लागून टक टक वाजायचं. तो टायर अजून आहे, भिंतीला टांगलाय.

पैसे घेतले नाहीत तिनं. पुढच्या महिन्यात मुद्दाम जाऊन तिला चांगली स्टीलची दोन दाभणं देऊन आलो. तेव्हापासून माझ्या पिशवीत मल्टीटूल नसेल एक वेळ, दाभण असतं. तुम्ही पण घ्या. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात दहावीस रुपयांत मिळतं.

जनावरांचं: गवे दिसणारच. थांबायचं, सायकलवरून उतरायचं, सायकल मधे ठेवायची, घंटी वाजवायची नाही. पहिला रस्ता ओलांडून गेला की निघायची घाई करू नका, मागं पिल्लू आणि त्याची आई असते. हत्ती कर्नाटकातून २००२ च्या सुमारास या भागात आले, तेव्हापासून आहेत. ते दिवसा सहसा दिसत नाहीत. अंधारात उसात उतरतात. डिसेंबरात ऊस उभा असतो, म्हणून पाचनंतर गावाबाहेर राहायचं नाही. रात्री फटाके ऐकू आले तर लग्न समजू नका.

तिसरा दिवस हलका ठेवा. सकाळी आंबोलीच्या कावळेसाद कड्यावर धुक्यात उभं राहा, मग महामार्ग टाळून किटवडे, घाटकरवाडीच्या बाजूनं जमेल तितकं आत आत राहत आजऱ्याला या. रामतीर्थावर हिरण्यकेशी पुन्हा भेटते, तिथं मात्र पाय बुडवा. आजऱ्यात घनसाळ तांदूळ मिळतो, त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. किलोभर घरी घेऊन जा. दुसऱ्या सायकलीचा विषय निघाला तर भात शिजत असताना काढा.


ठाणे_हार्डटेल
१६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००

मी शब्द मागे घेतो. हवा ३४ करून काल येऊरला गेलो. वेगळीच सायकल वाटली. एवढी वर्षं मी दगडांना शिव्या देत होतो.


कॅम्पातली_सायकल, बेळगाव
१६ नोव्हेंबर, रात्री १०.१५

काका, एक दुरुस्ती सुचवू का? पहिल्या दिवशी बेळगाव ते पारगड एका दमात, तेही कलानिधीगडासकट, पुण्याहून रात्रभर रेल्वेत बसून आलेल्याला जड जाईल. झोप झालेली नसते. मी असते तर गड सोडून दिला असता. मोटणवाडीच्या पुढे जंगलात चार वाजताच अंधारून येतं, आणि तुम्हीच म्हणता पाचनंतर बाहेर नको.


पाणंदवाला, गडहिंग्लज
१७ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

बरोबर आहे ताईंचं. गड सोडा.


चाळीस_एमएम, पुणे
१७ डिसेंबर, रात्री १०.४०

जाऊन आलो. कलानिधीगड सोडला. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी चढलो असतो आणि पारगडाला अंधारात पोचलो असतो. तरी सव्वापाच झालेच.

हेऱ्याच्या पुढे एका फाट्यावर दोन रस्ते होते, दोन्ही लाल, दोन्ही सारखे. नकाशात डावीकडचा जवळचा. किराणा दुकानात काकांचा प्रश्न विचारला. दुकानदाराने उजवीकडे बोट केलं. मी म्हटलं डावीकडून जवळ पडतं ना? तो म्हणाला, "जवळ पडतंय की. पण गाडी जात नाही." मी उजवीकडून गेलो. नंतर पारगडावर कळलं की डावीकडची मोरी पावसात वाहून गेलीय आणि लोक ओढ्यात उतरून जातात.

गडावर ज्यांच्याकडे जेवलो त्यांनी आधी सायकल उचलून बघितली, मग किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी ते बराच वेळ गप्प बसले.

दुसऱ्या दिवसाबद्दल काय लिहू? इसापूर सोडल्यावर तासभर एकही माणूस नाही. पाचोळ्यावरून चाक जायचा आवाज आणि मधेच जांभ्यावर आलं की तो आवाज बदलायचा, बस. एका वळणावर गवा. काकांनी सांगितलं तसं उतरलो, सायकल मधे धरली. साधारण तीस पावलांवर होता. नाकपुड्यांतून वाफ येताना दिसत होती आणि गुडघ्यापासून खाली पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. तो गेला. मी निघायला पाय उचलला आणि आठवलं. थांबलो. खरंच, मागून एक मादी आणि तांबूस रंगाचं पिल्लू आलं. पिल्लू रस्त्याच्या मधे उभं राहून माझ्याकडे बघत बसलं, आईने हुंकार दिल्यावर गेलं. मी आणखी दहा मिनिटं उभा होतो, कारण पाय लटपटत होते.

दाभण लागलं. टायरला नाही, सॅडलबॅगचा पट्टा तुटला तेव्हा. आधी दोन टोकांना टाका, मग मधे. आंबोलीच्या हॉटेलात बसून शिवत होतो तर वेटर म्हणाला, "सायेब, चांभार हाय हितं."

४०/४२ बद्दल: चौकुळच्या अलीकडे दोनदा उतरलो. म्हशी होत्या बघायला.

एक माहिती पुढच्यांसाठी. चौकुळच्या आधी साधारण दोन किलोमीटर नवीन खडी पसरलीय, मुरूम अजून नाही. सायकल ढकलत पाऊण तास गेला. कडेला रोलर उभा आहे, पण त्यावर कावळ्यांनी घाण केलीय, म्हणजे बरेच दिवस हललेला नसावा.


पाणंदवाला, गडहिंग्लज
१८ डिसेंबर, सकाळी ६.२०

बरं झालं सांगितलंत. तो टप्पा सध्या कुणी धरू नका, इसापूरच्या लोकांना विचारून वळसा घाला. मला पुढच्या महिन्यात गवशाला लग्नाला जायचंय, तिथनं एक चक्कर टाकतो चौकुळला. रोलर हलला का ते बघून इथंच लिहितो.